खारे पाणी ओसरल्यानंतर
वादळांचा इशारा आता वेळेवर मिळत असल्याने किनाऱ्यावरचा प्रश्न बहुतांशी सुटला, हे मत मला अपुरे वाटते. इशाऱ्यामुळे जीव वाचतात, हे खरेच. पण बंगालच्या किनाऱ्यावरील सुंदरबनात २००९ च्या आयला चक्रीवादळानंतर २०२० मध्ये अम्फान आणि २०२१ मध्ये, ऐन पौर्णिमेच्या भरतीत, ‘यास’ ही चक्रीवादळे आली, तेव्हा मातीचे बांध फुटून शेतांत आणि गोड्या तळ्यांत खारे पाणी शिरले, तळ्यांतले मासे मेले व भाताची जमीन नासली. आम्ही बडोदेकरांनी ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचा पूर सोसला, पण घरातला गाळ निदान उपसता आला. सुंदरबनात मात्र जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन जाईपर्यंत हंगामामागून हंगाम थांबावे लागते. म्हणून मदतीचा हिशेब पडक्या घरांपाशी न थांबवता त्यात खारे पाणी सोसणारे भाताचे बियाणे आणि तळ्यांचा उपसाही धरायला हवा.