मदत हवी: डेझर्ट नॅशनल पार्क झाल्यावर दोन दिवस कुठं? (आज रात्रीच ठरवायचंय)

धरमपेठकर: नागपूरहून निघतोय. जैसलमेरचा डेझर्ट नॅशनल पार्क झाल्यावर दोन दिवस उरतात. यूट्यूब पाहून डोकं भणाणलं, सगळीकडे तोच उंट अन् तेच ढोल. जवळपास दिवसात जाऊन येण्यासारखं काय? लवकर सांगा, ट्रॅव्हल्सवाल्यानं आधीच घोळ घातलाय.

रातकिडा: महिना कोणता? गाडी स्वतःची का भाड्याची? मुक्काम जैसलमेरात की वाळूच्या टेकड्यांजवळच्या सम गावात?

पवनीवाला: एवढ्या लांब कायले जाता जी? उमरेड-कऱ्हांडला करा. दुपारी घरी येऊन वरणभात.

धरमपेठकर: वाघ नाही विचारला भाऊ. डिसेंबर अखेर. जोधपूरपर्यंत रेल्वे, पुढं भाड्याची गाडी. मुक्काम जैसलमेर.

बुलेट_बेसा: डोळे झाकून तनोट-लोंगेवाला. तनोट 120 किमी, रस्ता सरळसोट. रामगढला टाकी फुल करा. तनोटमातेच्या देवळात 1965 च्या युद्धातले न फुटलेले तोफगोळे ठेवलेत, आवारात नवसाचे रुमालच रुमाल. येताना लोंगेवाला, 1971 चे पाकिस्तानी रणगाडे. एका दिवसात होते, मी केलं आहे.

माळरान: बुलेटवाल्यांचं सगळं एका दिवसातच होतं. त्यापेक्षा बारमेर रस्ता धरा. 17 किमीवर आकल, तिथं 18 कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडलीत. पत्र्याखाली, जाळीत. लांबून वाटतं कोणी सरपण रचलंय. पुढं किराडूची देवळं.

बुलेट_बेसा: किराडू धरलं तर जाऊन-येऊन साडेतीनशेच्या वर होते. ते चालते, अन् तनोट लांब पडते?

रातकिडा: थांबा बे. सोबत कोण आहे ते तर विचारा.

धरमपेठकर: आई-बाबा. बाबा 71 वर्षांचे, गुडघे गेलेत. त्यांच्यासाठीच चाललंय हे सगळं. लहानपणी वरोऱ्याकडं माळढोक पक्षी पाहिलेला, तो मरायच्या आधी पुन्हा एकदा बघायचाय म्हणतात.

माळरान: अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं नं! मग एक दिवस पार्कलाच द्या. 3,162 चौ. किमीचा पसारा, अन् माळढोक देशभरात मिळून दीडशेच्या आसपास. एका फेरीत दिसेलच असं नाही. पार्कातल्याच सुदासरीला पहाटे जा. आम्हाला पहिल्या दिवशी नुसते चिंकारे. दुसऱ्या दिवशी सेवण गवताच्या वर फक्त एक मान, तीही दोन मिनिटं. दुर्बीण न्या. मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, अन् त्यांना समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांवर आपटून मरतात.

बुलेट_बेसा: म्हणजे तारांपायी तिकडचे सोलर प्रकल्प बंद करायचे का आता?

माळरान: बंद करा कोण म्हणालं? तारा जमिनीखालून न्या म्हणतोय.

महाल_का_मुन्ना: तिकडं तर्री पोहा भेटते का?

रातकिडा: नाही भेटत. धरमपेठकर, दुसऱ्या दिवशी फक्त आकल करा, दुपारी आराम. जोधपूरला परतताना फलोदीजवळ खीचनला वाट वाकडी करा. थंडीत कुरजांचे (करकोच्यांचे) थवेच्या थवे सकाळी दाणे टिपायला उतरतात, चालायचं काम फारसं नाही.

धरमपेठकर: बाबा खूश. पण आईला हा धागा वाचून दाखवला तिथंच फसलो. तिला रुमाल बांधायचाय.

बुलेट_बेसा: काकूंना नमस्कार सांगा. रामगढला टाकी विसरू नका.