मदत हवी आहे: किनाऱ्याने चालणं आणि नंतर एकत्र जेवण, वेळेचं गणित कसं बसवावं?

मंडळी, थोडी मदत हवी आहे. आमचा चालणाऱ्यांचा गट आहे, बावीसेक जण, वयं पंचविशीपासून सत्तरीपर्यंत. एरवी रस्ते आणि टेकड्या तुडवतो, या वेळी समुद्रकाठ ठरला. आखणी माझ्या गळ्यात पडली आहे आणि मी भरती-ओहोटीच्या तक्त्यात अडकलोय.

आधी वाट सांगतो. एकूण ८ किलोमीटर, परत फिरायचं नाही. पहिले ५ किलोमीटर सरळ पुळण. मग डोंगराची एक सोंड पाण्यात उतरली आहे. तिच्या पायथ्याशी खडकांवरून वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जायचं. वरून वाट नाही, नुसती काटेरी झुडपं आणि घसरडा उतार. पलीकडे आणखी ३ किलोमीटर गेलं की झाडांची सावली, तिथे जेवण. जो तो घरून काहीतरी आणणार, सगळे मिळून खाणार.

अडचण त्या सोंडेची. पाहणीला गेलो तेव्हा दिसलं, की तक्त्यातली पाण्याची उंची दीड मीटरच्या खाली आली की खडक मोकळे होतात. त्याच्या वर असेल तर लाट थेट कड्यावर आपटते. दगडावर रेघच आहे: खाली शेवाळ आणि धारदार कालवं, वर कोरडा करडा कातळ. वाट त्या रेघेच्या खालून जाते.

ठरलेल्या रविवारी भरती पहाटे ५:४० ला ३.८ मीटर आणि ओहोटी ११:५० ला ०.६ मीटर. गटात दोन तट आहेत. पहाटवाले म्हणतात साडेसहाला निघू, उन्हाच्या आत पोचू. निवांतवाले म्हणतात ओहोटी पावणेबाराची ना, मग दहाला निघून बाराला सोंड गाठू, दीडला जेवू. मला दोन्ही पटत नाहीत, पण मांडायला ठोस काही नाही. आणि जेवणाचं काय? पहाटे रांधलेलं अन्न दुपारपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवायचं म्हणजे मला धाकधूक वाटते. शिवाय तिघांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांना फक्त जेवणाला यायचंय. त्यांना उपरं वाटू नये अशीही इच्छा आहे.

जाणकारांनी सांगा: निघायचं कधी, आणि डब्यांचं काय करायचं? आगाऊ आभार.

प्रतिसाद

साडेसहा बाद करा. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. उतरायची जी एकूण उंची, तिचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला १, दुसऱ्याला २, तिसऱ्या-चौथ्याला ३-३, मग २ आणि शेवटी १, असा ढोबळ हिशेब असतो. तुमचा फरक ३.२ मीटरचा. साडेसहाला निघालेले आठच्या सुमारास सोंडेपाशी पोचतील, तेव्हा पाणी अजून अडीच मीटरच्या वर. म्हणजे दीड-पावणेदोन तास दगडाकडे बघत बसायचं, आणि तेवढा वेळ बावीस जण गप्प बसत नाहीत. कुणीतरी "जाऊन बघतो" म्हणणारच.

चार तासांनी, म्हणजे ९:४० ला, बारापैकी नऊ भाग उतरलेले असतील. उरलं १.४. तिथून वाट उघडी. साडेआठला निघा, दहाला सोंडेवर, अकरा-सव्वाअकराला सावलीत.

निवांतवाल्यांचा बेत कागदावर चालतो, पण ते ऐन ओहोटीला सोंडेवर येतात. त्यानंतर पाणी चढणीला लागतं. कुणाचा पाय मुरगळला, कुणी मागे राहिलं, तर प्रत्येक मिनिट तुमच्या विरोधात. अशी जागा उतरत्या पाण्यातच ओलांडावी. उशीर झाला तरी वाट रुंदच होत जाते.

प्रतिसाद

वरच्याला अनुमोदन. तक्ता मुख्य बंदराचा असतो, तुमच्या किनाऱ्यावर वेळ मागेपुढे होऊ शकते. पाहणीच्या दिवशी प्रत्यक्ष पाणी कधी वळलं ते लिहून ठेवलं असेल तर तो फरक धरा. आणि आकडे शांत हवेचे असतात. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण १ सेंटीमीटर चढतं, त्यात समुद्रावरून जोराचा वारा असेल तर आणखी. १.४ आणि १.५ मध्ये बोटभर अंतर आहे, त्यावर विसंबू नका. दहा म्हणजे दहा, पावणेदहा नाही.

तारीख पुढे ढकलायचा मोह झाला तर आठवड्याने ढकलू नका. बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्याने तुमच्या ओहोटीच्या वेळेला भरती येईल, शिवाय तेव्हा भांग (पाण्याची चढ-उतार सगळ्यात कमी असते ते दिवस) असेल, पाणी पुरतं ओसरणारही नाही. पंधरवड्याने वेळा जवळपास जागेवर येतात.

प्रतिसाद

चालण्याच्या वेगाबद्दल. डांबरी रस्त्यावरचा तुमचा वेग इथे धरू नका. मऊ कोरड्या वाळूत त्याच वेगाने चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. पाण्यालगतची ओली, घट्ट पट्टी पकडायची, आणि ती ओहोटीतच मिळते. पहाटवाल्यांना हेही सांगा: भरतीनंतर लगेच निघालात तर वरच्या भुसभुशीत वाळूतूनच जावं लागेल. ऊन टाळायच्या नादात पोटऱ्या भरून येतील.

पुळण पाण्याकडे कललेली असते, त्यामुळे एकाच बाजूचा पाय सतत खाली पडतो. परत फिरणाऱ्यांचं येताना फिटतं, तुमचं फिटणार नाही. कंबरदुखीवाल्यांना जिथे पट्टी सपाट असेल तिथून न्या. सोंडेवर सगळ्यांच्या पायात बूट हवेतच, कालवं तळवा कापतात. पुढे वाट दाखवणारा एक लीड, शेवटी कुणी मागे राहू नये हे बघणारा एक बॅकलीड, आणि सोंडेच्या अलीकडे सगळे जमेपर्यंत कुणी पुढे जायचं नाही. डोकी मोजून मगच.

प्रतिसाद

डब्यांची धाकधूक रास्त आहे. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे दोन तासांहून जास्त राहू देऊ नये, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. बंद गाडीची डिकी म्हणजे याच तापमानाची कोठी. भात तर विशेष जपावा. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, कोमट भातात ते वाढीला लागतात, आणि त्यांनी विष तयार केलं की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. वासावरून काही कळत नाही.

म्हणून चालणाऱ्यांनी कोरडंच आणावं: भाजलेलं, सुकं, अख्खी फळं. ओलं, दुधाचं, चिरलेलं काही असलं तर बर्फाच्या पेटीत, आणि पेटी सावलीत. गरम पदार्थ तुमच्या तिघा गुडघेवाल्यांकडे सोपवता येतील का? ते चालणार नाहीत म्हणजे त्यांना पहाटे उठायची गरज नाही. दहाला रांधून गरम भांडी गुंडाळून थेट सावलीत आणली की सव्वाअकराला पंगत. मात्र त्यांना विचारून. "तुम्ही चालत नाही ना, मग करा स्वयंपाक" हा सूर निघाला तर पुढच्या वेळी जेवणालाही येणार नाहीत.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा: आत काय आहे, शेंगदाणे किंवा दूध आहे का. बावीस जणांत कुणाला तरी ॲलर्जी असतेच आणि तो संकोचाने विचारत नाही.

प्रतिसाद

एक बाळबोध शंका. शनिवारी का नाही जात? वरच्याच हिशेबाने ओहोटी ५० मिनिटं आधी, अकराला. साडेसातला निघून नऊला सोंड. पहाटवाले खूश, ऊन कमी.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. शनिवार डोक्यातच नव्हता. तक्ता उघडून पाहिला: ओहोटी ११:०२ ला, उंची ०.७. वाट नऊच्या आसपास उघडते, पण "दहा म्हणजे दहा" मनावर घेऊन अर्ध्या तासाची सूट ठेवतो, म्हणजे आठला निघून साडेनऊला सोंड. दोघांना शनिवारी सुट्टी नाही, त्यांच्याशी बोलतो. जमलं नाही तर रविवारी साडेआठ पक्कं.

गुडघेवाल्यांपैकी एका मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, स्वयंपाक करू, पण सामान आणायचं काम चालणाऱ्यांचं आणि भांडी घासायचंही. गटात टाकलंय. अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं. सुरुवातीच्या टोकाच्या गाड्या सावलीपाशी आणायला दोन चालक आधीच पाठवावेत, की आदल्या संध्याकाळीच एक गाडी पलीकडे नेऊन ठेवावी? तुम्ही काय करता?