[०/९०] कार्बन पॅनल तापवताना पहिल्या अंशापासूनच फुगतंय

रबाळे_शेल: कार्बन-इपॉक्सी, ३०० × ३०० × २ मिमी. खाली चार प्लाय (फायबरचे थर) ०° दिशेला, वर चार ९०° ला. चारही कडा पिन (फिरू शकतात, उचलल्या जात नाहीत), इन-प्लेन, म्हणजे पॅनलच्या पातळीतही, सरकत नाहीत. तापमान २५° वरून १०५° सेल्सिअस, मग ५ किलोपास्कल दाब. अबॅकसमध्ये (फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर) आयगेनव्हॅल्यूने, म्हणजे बकलिंगच्या (सपाट पॅनल अचानक वाकण्याच्या) लिनिअर गणिताने, क्रिटिकल टेम्परेचर येतं, पण टप्प्याटप्प्याने भार वाढवणाऱ्या नॉनलिनिअर रनमध्ये पॅनल सुरुवातीपासूनच फुगतं आणि दाबाच्या स्टेपमध्ये रन मरतो. कुठे चुकतंय?

घोडबंदरकर: रन ठीक आहे, आयगेनव्हॅल्यू सोडा. बी मॅट्रिक्स (ताण आणि वाकणं यांना जोडणारा) शून्य नाही, त्यामुळे तापमानाबरोबर थर्मल मोमेंटही (पॅनल वाकवणारा) येतो. पिन कडा तो घेत नाहीत, म्हणून बायफर्केशन (आधी सपाट राहून ठरावीक तापमानाला अचानक बकल होणं) होतच नाही. कडा क्लॅम्प (फिरूही न देणाऱ्या) असत्या तर गोष्ट वेगळी. कडांची खात्री करायला त्याच मेशवर २ मिमी ॲल्युमिनिअम लावा: जेमतेम २.४° वाढीला बकल व्हायला हवं. आकडा फारच मोठा आला तर कडा सरकतेय.

कोपरी_पूर्व: दाब फुगवट्याच्या उलट लागत असणार. लिमिट पॉइंटला (जिथून पॅनल झटक्यात पलटतं) लोड-कंट्रोल न्यूटन-रॅफसन (भार वाढवत जाणारी नेहमीची सोडवणूक) अडकणारच, इन्क्रिमेंट (भाराचे टप्पे) कितीही बारीक करा. तापमान साध्या स्टॅटिक स्टेपमध्ये, एनएलजीओम (मोठ्या विस्थापनांचा हिशेब) ऑन; दाब पुढच्या स्टेपमध्ये रिक्सने (भार कमी होत असतानाही वाट पकडून ठेवणारी पद्धत). स्टॅबिलायझेशनने (कृत्रिम डॅम्पिंग) रेटलंत तर एएलएलएसडी (त्या डॅम्पिंगची ऊर्जा) आणि एएलएलआयई (एकूण अंतर्गत ऊर्जा) शेजारी शेजारी प्लॉट करा, डॅम्पिंग किती शिरलंय ते दिसेल.

सानपाडा_लॅमिनेट: मुळात २५° ला पॅनल सपाट कसं धरलंत? क्युअर (इपॉक्सी तापवून पक्कं करणं) १८०° ला असेल तर स्ट्रेस-फ्री अवस्था साधारण तिथे. फायबरच्या दिशेने प्रसरणांक जवळपास शून्य, आडवा वीस-पंचवीस मायक्रोस्ट्रेन (लांबीचे दशलक्षांश) प्रति अंश; १५५° थंड होताना पॅनल वळणारच. लिनिअर थिअरी खोगीर दाखवते, एवढ्या पातळ पॅनलला प्रत्यक्षात सिलिंडर येतो, तोही दोन प्रकारे: दाबला की टक्कन दुसरीकडे पलटतो. आणि तापवल्यावर हे वळण कमी होतं! तुमचा फुगवटा नेमका उलट्या बाजूला येतोय.

आधी १८०° वरून २५° मोकळं थंड करा, फक्त रिजिड बॉडी हालचाल (अख्खं पॅनल सरकणं-फिरणं) अडवून. चौरस पॅनल मॉडेलमध्ये खोगिराच्या अस्थिर वाटेवरच बसून राहतं, म्हणून कोपऱ्यावर किंचित बल देऊन नंतर काढा. मग कडा सपाट ओढून पिन, मग १०५°, मग दाब.

प्रत्यक्ष वळण मोजणार असाल तर पावसाळ्यात शेडमध्ये पडलेलं पॅनल घेऊ नका. इपॉक्सी ओलावा पिऊन फुगतं, वळण कमी भरतं.

रबाळे_शेल: ले-अप (थरांचा क्रम) बदलायची मुभा आहे. ०/९०/९०/० केलं तर?

घोडबंदरकर: उत्तम. बी शून्य, पॅनल सपाट निघेल, आयगेनव्हॅल्यूला अर्थ येईल. पण आता इम्परफेक्शन (सुरुवातीचा बारीकसा वाकडेपणा) द्यावंच लागेल: पहिला मोड (बकलिंगचा पहिला आकार), जाडीच्या १ ते ५ टक्के. दाब तापमानानंतर येतोय, त्यामुळे तापवताना पॅनलला बाजूला ढकलणारं काहीच नाही; इम्परफेक्शन नसेल तर रन क्रिटिकल टेम्परेचर ओलांडून सपाटच पुढे जाईल.