प्रतिसाद: वायगेलाला फुलं का आली नाहीत?

मार्चमध्ये छाटणी केली आणि मे संपला तरी वायगेलाला, म्हणजे तुमच्या या फुलझुडपाला, फुलं नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. घोळ छाटणीतच आहे. याच्या कळ्या गेल्या वर्षीच्या काड्यांवर धरतात, त्याच कापल्या तर बहर कुठून येणार? कात्री लावायची ती फुलं ओसरल्या ओसरल्या.

पानांचा वांगी रंग हिरवट पडलाय तो मेपलच्या सावलीने. सहाएक तास ऊन हवंच. कुंपणाशी जागा कमी असेल तर 'मिडनाइट वाइन' ही वायगेलाची बुटकी जात बघा, दोन फुटांच्या वर सहसा जात नाही.

आमच्या न्यू जर्सीच्या हिवाळ्यात याच्या नुसत्या काटक्या उरतात. मेलं समजून उपटू नका हं! नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसलं की जिवंत आहे. लॉनचं खत मात्र मुळाशी जाऊ देऊ नका, नुसता पाला माजतो.