काजूच्या मुलखात काजू वर्ज्य

आम्ही वेंगुर्ल्याचे. परसात काजूची चार कलमं आणि घरात काजू न चालणारा मुलगा. तो तीन वर्षांचा असताना सासूबाईंनी ओल्या काजूगरांची उसळ केली. दोन घासांत ओठ टम्म, अंगभर गांधी, मग उलटी. त्यांना वाटलं, बीचा डीक नीट धुतला गेला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, सालीतल्या तेलाने कातडी सोलते ते निराळं. ह्याला गरातलं प्रथिन सोसत नाही, आणि ते भाजून-शिजवून जात नाही. पिस्ताही बंद, तो काजूच्याच कुळातला. नारळ चालतो, नाहीतर आम्ही जेवलो असतो काय! तुम्ही कसं निभावता, लिहा.

*

रत्नागिरी. आमचा घात गणपतीत. आरत्यांच्या फेरीत एका रात्रीत सात घरं, सात खिरापती. काजू वेचून काढले तरी चुरा खोबऱ्याला लागलेला असतोच. सांगायला जावं तर "देवाचा प्रसाद बाधत नाही हो!" आता लेकीच्या फ्रॉकच्या खिशात खडीसाखर असते. प्रसाद घेते, कपाळाला लावते, माझ्या हातात देते आणि आपली खडीसाखर चघळते.

*

वय ४१, मालवण. हॉटेलात "काजू आहेत का?" विचारू नका, वेटर नाहीच म्हणतो. "ग्रेव्ही कशाने दाट केली?" विचारा. मालवणी वाटण खोबऱ्याचं, त्याला मी भीत नाही. भीती पनीरच्या पांढऱ्या रश्श्याची.

*

गुहागरजवळचं खेडं, दवाखाना पाऊण तासावर. मागच्या वेळी ॲलर्जीची गोळी दिली, गांधी बसल्या, म्हणून निवांत राहिलो. अर्ध्या तासात मुलाला धाप लागली. गोळी खाजेपुरती, श्वास अडकला की ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि मग तडक दवाखाना. डॉक्टरांनी त्याची अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, आणि डोसची खूण केलेली सिरिंज दिली आहे. यजमानांनी संत्र्यावर पाणी टोचून सराव केला. पहिली तीन संत्री वाया गेली.

*

पुन्हा मीच, वेंगुर्ल्याची. खडीसाखरेची युक्ती उचलली. परवा सासूबाईंनी त्याच वाटणात फणसाच्या आठळ्यांची उसळ केली. नातवाने विचारलं, "आजी, काजू असेच लागतात?"

"ह्याच बरा रे, बाबू," म्हणाल्या. धडधडीत खोटं.