मदत हवी आहे: काळ्या मातीत धुपीचा बाटलीप्रयोग जमत नाही, गुरुवारी ग्रामसभा

भीमाकाठ: पाण्याने माती कशी वाहून जाते (धूप) हे ग्रामसभेत दाखवायला दोन बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापलीय. एकीत उघडी माती, दुसरीत वर उसाचं पाचट, म्हणजे वाळका पाला. दोन्हींतून सारखंच गढूळ पाणी येतंय. असंच झालं तर पाचट पेटवणाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल. काय करू? लवकर सांगा.

कोरडवाहू: बाटली केवढी? उतार किती? पाणी कशाने ओतता? माती वाळकी की ओली?

सरीवरंबा: बाटल्यांचा नाद सोडा, लोकांना रानात न्या. समतल बांध (उताराला आडवे, एका पातळीत) घातले की धूप थांबते, हे डोळ्यांनी दिसतं.

कोरडवाहू: भारी काळ्या रानात समतल बांध नकोच. उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिल्याच मोठ्या पावसाचं पाणी त्यातून शिरून बांध फुटतो. नाही फुटला तर पाणी तुंबून पीक पिवळं पडतं. समतल बांध हलक्या, मुरमाड रानाला. भारी रानाला ढाळीचे, म्हणजे थोडा उतार दिलेले बांध आणि जादा पाणी बाहेर जायला गवत लावलेला सांडवा.

सरीवरंबा: मग उताराला आडवी पेरणी आणि सारायंत्राने (वरंबे ओढणारं अवजार) पाणी अडवणारे कप्पे तरी सांगा. रब्बी ज्वारीला ओल त्यानेच टिकते.

भीमाकाठ: बांधांवर नंतर भांडा हो. बाटल्या २ लिटरच्या, मोहोळकडची भारी माती, वाळवून चाळलेली. तांब्याने ओततो.

कोरडवाहू: मग तिथेच घोळ आहे. तांब्याची धार एका जागी खड्डा पाडते आणि पाचटाखालून वाहते. पत्र्याच्या डब्याला खिळ्याने बारीक भोकं पाडा आणि हातभर उंचीवरून दोन्हींवर अर्धा-अर्धा लिटर तेवढ्याच वेळात सोडा. माती चाळू नका, भुईमुगाच्या दाण्याएवढी ढेकळं राहू द्या. ती बाटलीच्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंतच भरा. कमी भरली तर पाणी आतच साचतं. आदल्या रात्री दोन्ही बाटल्या हळूहळू भिजवा, कारण वाळकी माती सगळं पाणी पिऊन बसते. बुडाखाली ४-५ सेंटीमीटर उंचवटा द्या. पाचट बारीक तोडून दोन बोटं जाड, मातीला टेकलेलं हवं.

शुद्धजल: त्यापेक्षा गावाला आरओ बसवून घ्या. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) बघा, मग माती-बिती.

चोपणरान: हे कोणी विचारलं नाही, पण यातच एक कामाची गोष्ट आहे. भीमाकाठ, ओतता ते पाणी कुठलं?

भीमाकाठ: बोअरचं. का?

चोपणरान: खारट पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना धरून खाली बसतात. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून सोडियम चढलेली माती त्यात सुटून तासन् तास गढूळ राहते. बोअरचं पाणी ही धूप लपवतं. प्रयोगाला पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी घ्या. तेच पाणी घालून एका काचेच्या ग्लासात उसाच्या रानातलं ढेकूळ आणि दुसऱ्यात कधी न नांगरलेल्या बांधावरचं ढेकूळ अलगद सोडा. न हलवता बघा. पहिलं बहुधा लगेच विस्कटतं, दुसरं तग धरतं. रात्रभर पाणी दुधाळ राहिलं तर चिमूटभर जिप्सम (कॅल्शियमयुक्त खनिज) टाकून ढवळा, गाळ खाली बसून वर नितळ पाणी सुटतं. हे बघितल्यावर माणसं आपणहून विचारायला लागतात.

पाणवठा: पिण्याच्या पाण्याचं काय दाखवणार?

भीमाकाठ: एचटूएसची बाटली आणलीय, पाण्यातले जंतू तपासायची. सभेतच भरू ना?

पाणवठा: नको. ती काळी व्हायला २४ ते ४८ तास लागतात, मंगळवारीच भरून उबदार जागी ठेवा. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या टाकीचं पाणी घेऊ नका, उघड्या विहिरीचं घ्या. ही बाटली फक्त मैल्याचा संशय दाखवते. उसाच्या युरियाचं नायट्रेट तिच्यात कळत नाही, त्याची पट्टी वेगळी. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्याने वाढतं. हे आवर्जून सांगा, तान्ह्या बाळांना त्याचाच धोका असतो.

भीमाकाठ: आरओच्या पाण्याने करून पाहिलं. उघड्या मातीचा पेला काळाकुट्ट, पाचटाचा बराच नितळ. आता एकरी जिप्सम किती, हे लोक विचारणारच.

चोपणरान: आकडा सांगू नका. आधी मातीचा सामू (पीएच) आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, तपासायला लावा. सोडियम १५ टक्क्यांवर गेला तरच जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, धरतात. रानात चुनखडी असेल तर जिप्समऐवजी गंधकही चालतं. आणि निचऱ्याला चर काढल्याशिवाय दोन्ही वाया.