मदत हवी आहे: ग्रीक पुतळ्यांचं 'उभं राहणं' नववीच्या मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी, मी शाळेत चित्रकला शिकवते, सोमवारी नववीला ग्रीक कलेवर तास घ्यायचाय. भौमितिक, आर्केइक, क्लासिकल, हेलेनिस्टिक असा कालखंडांचा तक्ता फळ्यावर लिहून दिला तर मुलं पाठ करतील हो, पण मला तो बदल त्यांना डोळ्यांनी दिसायला हवाय.

परवा ग्रीसमधल्या एजिना बेटावरच्या अफाइआ देवीच्या देवळाचे पुतळे दाखवले, आता म्युनिकला आहेत ते. देवळाच्या पश्चिमेकडच्या छताखालच्या त्रिकोणातला सैनिक मरायला टेकलाय, छातीतला बाण उपसतोय आणि चेहऱ्यावर चक्क हसू! पूर्वेकडचा थोडा नंतरचा, तो ढालीच्या आधाराने कसाबसा तग धरून आहे, मान खाली गेलीय, आता कोसळणारच. एक मुलगी म्हणाली, बाई, पहिल्याला दुखत नाहीये का? मी 'आर्केइक स्माइल' (त्या काळच्या पुतळ्यांचं ठरावीक हसू) असं नाव सांगितलं, पण नाव म्हणजे उत्तर नाही ना.

खरी अडचण पुढे आहे. जुना कूरॉस, म्हणजे आर्केइक काळातला तरुण पुरुषाचा पुतळा, ताठ उभा, डावा पाय पुढे पण भार दोन्ही पायांवर सारखा. आणि इ.स.पू. 480 च्या आसपासचा अथेन्सचा क्रिटिओस बॉय हा मुलाचा पुतळा बघा, भार एका पायावर, दुसरा गुडघा सैल सोडलाय, त्याबरोबर कंबर एका बाजूने वर गेलीय, मान किंचित वळलीय, वाटतं आत्ता श्वास घेईल. याला कॉन्ट्रापोस्टो म्हणतात, पण मराठीत काय म्हणू? कूरॉससाठी विठोबाचं 'समचरण' सांगितलं तर मुलांना लगेच कळेल, पण दुसऱ्याला मुरलीधरासारखा 'त्रिभंग' म्हणणं मला पटत नाही, त्यात नाचाची लय आहे, इथे नुसता सहज उभा राहिलेला पोरगा आहे. 

दुसरं म्हणजे, इ.स.पू. 480 मध्ये पर्शियनांनी अथेन्सची टेकडीवरची अ‍ॅक्रोपोलिस जाळली म्हणून पुस्तकं आर्केइक आणि क्लासिकलमध्ये तिथेच रेघ मारतात. पण एजिनाचे पुतळे बघता बदल आधीच सुरू झाला होता असं मला वाटतं, मग युद्धाला किती श्रेय द्यायचं?

हेलेनिस्टिकसाठी समोथ्रेसची नाइके (पंख असलेली विजयदेवता) ठरलीय, वाऱ्याने अंगाला चिकटलेलं ते वस्त्र बघून मुलं स्वतःच बोलतील. क्रिटिओस बॉयचा मात्र बाजूने आणि मागून काढलेला स्पष्ट फोटो कुणाकडे असेल तर प्लीज द्या, समोरून कंबरेचा तो फरक पटकन दिसत नाही.